तो तर्जुमा माझा होता

तिरमलरावजी,

रविवारी तुमच्या शोकसभेत मी बराच वेळ बोललो. तुम्ही मला कसं घडवलंत, एका शब्दासाठी अख्खी दुपार कशी घालवायचात, दफ्तरातला चपराशीसुद्धा तुमच्यापुढे जरा तोलून कसा बोलायचा, सगळं सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला आणि 'रावांचा खरा वारस' म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मागे, दाराजवळ, गौस साहेब उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभे. पुराण्या पुलाजवळच्या स्मशानातही ते असेच लांब, भिंतीपाशी उभे राहिले होते आणि चिता पेटल्यावर कोणाशी न बोलता निघून गेले होते. सात वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. का बोलला नाहीत, हे गौस साहेबांशिवाय सगळ्यांना माहीत होतं. आणि तुम्हाला जे माहीत होतं ते खरं नव्हतं. ते मी तुम्हाला सांगितलेलं खोटं होतं.

हे तुमच्या समोर बसून बोलायला पाहिजे होतं. सात वर्षांत शेकडो वेळा तुमच्या समोर बसलो. आज तुम्ही नाही, तेव्हा धीर आला आहे, म्हणजे तो धीर कसला हे तुम्हीच समजून घ्या.

वसमतच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा मी मुलगा. घरात कोणी दफ्तराचं तोंड पाहिलेलं नाही. उर्दू शाळेतून शिकलो, इंग्रजी आपल्या जिवावर वाचलं आणि नोकरीसाठी हैदराबादेत आलो तेव्हा मलकपेठेत एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. मुलाखतीला धोतर-कोटात आलो होतो. तुम्ही मला व्हरांड्यातच गाठलंत. "असा आत गेलास तर तुझं इंग्रजी कोणी ऐकणार नाही," म्हणालात आणि मला घरी शालीबंड्याला घेऊन गेलात. तुमची जुनी शेरवानी मला लांब झाली. काकूंनी उभ्या उभ्या बाह्या आत दुमडून टाके घातले. ती शेरवानी घालून मी नोकरी मिळवली. परत द्यायला आलो तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. टाके उसवायचे कष्ट कोण घेणार?"

आपल्या तर्जुम्याच्या दफ्तरात माणसं तीनच. तुम्ही मुख्य, तुमच्या डावीकडे गौस साहेब, आणि दाराजवळच्या टेबलाशी मी. उर्दूचं इंग्रजी, इंग्रजीचं उर्दू, आणि जिल्ह्यांतून आलेल्या मराठी अर्जांचं दोन्ही. त्या अर्जांमुळेच तुमची ती वही सुरू झाली. प्रत्येक अर्जात कोणीतरी कोणालातरी फसवा म्हटलेलं असायचं, आणि लबाड, ठक, भामटा, कावेबाज, दगलबाज या सगळ्यांना आपले आधीचे लोक सरसकट 'चीट' लिहून मोकळे व्हायचे. तुम्हाला ते सहन व्हायचं नाही. "तुझी काकू नातवाला लबाडा म्हणते," तुम्ही म्हणायचात. "मग त्याच्यावर खटला भरू?"

आबिड्सच्या एका दुकानात तुम्ही जुनी इंग्रजी डिक्शनरी घेतलीत, तिचं पाठीचं कापडसुद्धा निघालेलं. तिच्यातून फसवणाऱ्या माणसांचे जेवढे म्हणून शब्द सापडतील तेवढे काढायचे, पुढे उर्दू, त्याच्यापुढे मराठी. तुम्ही शब्द वाचायचात, गौस साहेब उर्दू द्यायचे, मी मराठी आणि साफ नक्कल. 'इम्पोस्टर' आला तेव्हा मी 'तोतया' म्हणालो आणि तुम्ही टेबलावर थाप मारून म्हणालात, "वा! हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून न्यावा." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. 'टर्नकोट'वर तर गौस साहेब हसून हसून खुर्चीत मागे रेलले होते. "कोट उलटा पेनने वाला? अरे राव, हमारे पास शेरवानी है. उलटी पेनेंगे तो अस्तर दिखता!" शेवटी मी 'फितूर' सुचवला, तो तुम्हाला पुरेसा वाटला नाही, आणि ती जागा कितीतरी दिवस मोकळी राहिली.

तुम्हा दोघांची खरी लढाई झाली ती 'डबल-डीलर'वर. गौस साहेबांनी 'जमानासाज' दिला. तुम्ही लगेच हात वर केलात.

"नाही, गौसमियाँ. जमाना बघून चालणारा माणूस तो. त्यात दगा कुठं आहे?"

"राव, जो जमाना देख के चलता, वो दोस्त को देख के नहीं चलता. जमानासाज बोले तो दगाबाज. सीधी बात."

"मग आपण सगळेच. सरकारी नोकरीत आहोत आपण."

"मैं अपनी बात नहीं कर रा, लफ्ज की बात कर रा."

चार दिवस हे चाललं. तुम्ही एकमेकांना चहा पाजत होतात आणि भांडत होतात. मला त्या चार दिवसांचा हेवा वाटायचा, आजही वाटतो. इतक्या प्रेमाने माझ्याशी कोणी कधी भांडलं नाही. शेवटी काहीच ठरलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "पेन्सिलीने लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह कर." मी केलं.

मग ते वाईट दिवस आले. रझाकारांची दहशत वाढली. माझा चुलतभाऊ सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात गेला आहे, हे कोणीतरी वर कळवलं. मला बोलावणं आलं. तुम्ही माझ्यासोबत आलात, त्या वेळच्या बड्या साहेबांसमोर बसलात, त्यांच्या तब्येतीची चौकशी केलीत, त्यांच्या मुलाच्या निकाहाबद्दल विचारलंत, आणि मग सहज म्हणावं तसं म्हणालात, "हा माझ्या घरचा मुलगा आहे. जमानत मी देतो." सही केलीत. परत येताना टांग्यात मला रडू कोसळलं तर तुम्ही टांगेवाल्याशी घोड्याच्या नालाबद्दल बोलत बसलात, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

पोलीस ॲक्शन झाली. सुलतान बाजारात पेढे वाटले गेले, आणि पुराण्या शहरात कित्येक दारं दिवसाही उघडेनात. गौस साहेब आठ दिवस दफ्तरात आले नाहीत. नवव्या दिवशी तुम्ही स्वतः मुगलपुऱ्याला जाऊन त्यांना सोबत घेऊन आलात. हे मी पाहिलं आहे. हे पाहूनही मी पुढचं केलं.

नवे साहेब मद्रासकडून आले. त्यांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, आणि नोकरांच्या जुन्या फायली तपासून कोण कसा होता ते ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. एके सकाळी त्यांनी मला आत बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि तुमची फाइल माझ्यापुढे ठेवली.

"तुम्ही या रावांचे माणूस ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हणालो, "नाही सर. मी त्यांच्या हाताखाली काम करतो."

तिरमलरावजी, खरं तर सगळं तिथेच झालं. पुढचं नुसतं टायपिंग होतं.

फायलीत तुमची जमानत होती, माझ्यासाठी दिलेली. तिच्याखाली त्या जुन्या बड्या साहेबांचा शेरा होता. 'तिरमलराव जमानासाज आदमी हैं. इधर भी निभाते हैं, उधर भी.' तो शेरा त्यांनी चिडून लिहिला असेल किंवा कौतुकाने, मला सांगता येणार नाही. पण कशावरून लिहिला होता ते मला स्पष्ट कळत होतं. तुम्ही त्यांनाही दुखावलं नव्हतं आणि मलाही वाचवलं होतं. त्या शेऱ्यातलं 'उधर' म्हणजे मी होतो.

साहेबांनी मला तो शेरा वाचायला आणि इंग्रजीत उतरवायला लावला, आणि 'जमानासाज'पाशी अडवून विचारलं, "हा शब्द चांगला की वाईट?"

मी लिहू शकलो असतो की हा माणूस व्यवहार जाणतो. काळ ओळखतो. दोन्हीकडे सांभाळून घेतो. आपल्या वहीत अशा सौम्य शब्दांचं एक अख्खं पान होतं, तुम्हीच भरलेलं. मी 'डबल-डीलर' लिहिलं. साहेबांना शंका आली तेव्हा बाहेर जाऊन वही आणली आणि ते पान दाखवलं. म्हणालो, "सर, त्यांच्याच यादीत आहे." प्रश्नचिन्ह पेन्सिलीचं होतं. साहेबांना कशाचं ते कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

का केलं? आदल्या आठवड्यात तुम्ही साहेबांसमोर माझं एक वाक्य खोडलं होतं, त्याचा राग होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि तुमची खुर्ची मला दिसत होती. पण सगळ्यात जास्त भीती होती. तुमचा माणूस म्हणून माझी गणती होईल, याची. तुम्ही मला 'घरचा मुलगा' म्हणाला होतात त्याला वर्षही झालं नव्हतं.

तुम्हाला मुदतीआधी घरी बसवलं. हुकमासोबत त्या तर्जुम्याची नक्कल तुमच्या हातात दिली, टाइप केलेली, बिनसहीची. तुम्ही ती घेऊन माझ्या टेबलाशी आलात. गौस साहेब त्या दिवशी रजेवर होते.

"अंबादास, हा तर्जुमा कोणी केला?"

दफ्तरात हे काम करू शकणारे तिघेच. एक तुम्ही. उरलो आम्ही दोघे. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मला आठवतं, तुमच्या नजरेत संशय नव्हता. नुसतं विचारत होतात. मी म्हणालो, "गौस साहेबांना आत बोलावलं होतं."

तुम्ही कागद पुन्हा वाचलात. आणि हळूच म्हणालात, "हां. त्यांचं म्हणणंच होतं तसं."

म्हणजे माझं खोटं तुम्ही स्वतःच पुरं केलंत. त्या चार दिवसांच्या भांडणाने केलं. मला आणखी एक शब्दही बोलावा लागला नाही. तुम्ही टेबलाचा खण रिकामा केलात, डिक्शनरी माझ्याकडे ठेवलीत आणि म्हणालात, "वही पुरी कर."

महिन्याभरात मी तुमच्या खुर्चीत बसलो. निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं गौस साहेब माझ्या हाताखाली होते. मी आत आलो की ते उठून उभे राहायचे. वयाने माझ्या बापाएवढा माणूस. मी रोज म्हणायचो, "साहेब, नका उठत जाऊ," आणि ते रोज म्हणायचे, "कुर्सी की इज्जत है, बाबा." एकदा त्यांनी मला विचारलं, "राव मेरे से मिलते नहीं. तीन दफे घर गया, काकी बोलते सो रहें. तुम जाते ना, कुछ बोलते क्या वो?" मी म्हणालो, तब्येत बरी नसते त्यांची. हे दुसरं खोटं. त्यानंतरची मी मोजली नाहीत.

आणि मी तुमच्याकडे येत राहिलो. दर आठवड्याला. यालाच लोक निष्ठा म्हणतात. तुम्ही मला तसंच शिकवत राहिलात, माझ्या मुलाचं नाव तुम्ही ठेवलंत, तो तापाने फणफणला तेव्हा तुम्ही पहाटे डॉक्टरला घेऊन मलकपेठेला आलात. प्रत्येक उपकारानंतर सांगणं आणखी अवघड होत गेलं. गौस साहेबांचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. फक्त चहा पिताना कधी कधी अर्धवट थांबायचात, काहीतरी शब्द आठवल्यासारखं, आणि मग बशी खाली ठेवायचात.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही तारनाक्याला लेकीकडे राहायला गेला होतात. आपण दोघं युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या रस्त्याने फिरायला गेलो. राज्याचे तीन तुकडे होणार, मराठी मुलूख तिकडे जाणार, माझी बदली औरंगाबादेला होणार, असं सगळं बोलणं चाललं होतं. तुम्ही एकाएकी थांबलात आणि म्हणालात, "गौसमियाँ म्हणत होता ते बरोबर होतं का रे? मी खरंच तसा होतो का? दोन्हीकडे सांभाळणारा?"

म्हणजे माझ्या त्या एका शब्दावर तुम्ही सात वर्षं स्वतःला तपासत बसला होतात. मित्रावर रागावला होतात, आणि तरी त्याच्या शब्दाला मान देत होतात.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात तुम्हाला खोकला आला, आपण मागे फिरलो. खोकला एका मिनिटात थांबला होता. थांबला नाही तो माझा भ्याडपणा. "नाही हो, तुम्ही कसले तसे," एवढंच पुटपुटलो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिलात. तुमच्या हाताचं ते वजन अजून तिथं आहे.

आज सकाळी मी मुगलपुऱ्याला गेलो. गौस साहेब ओसरीत बसून पेपर वाचत होते. मला पाहून उठायला लागले. मी त्यांना खांदे धरून बसवलं, स्वतः खाली बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"मैं समझा," म्हणाले, "हवा बदली तो राव भी बदल गए. मुसलमान दोस्त अब भारी पड़ रा होगा, समझा. सात साल मैं उनको वो ही लफ्ज बोला दिल में. जमानासाज."

मी रडत होतो. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"और वो समझे कि मैं लिखा." मग एकदम माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "अरे, बहस में बोला था मैं! बहस में आदमी कुछ भी बोलता. राव के नाम के आगे मैं वो लफ्ज कागज पर लिखता? मेरा हात टूट जाता."

मग उठले. शेरवानी चढवली. "चलो," म्हणाले.

"कुठं?"

"राव के घर. मेरे को क्या बोल रें? जिनको बोलना था वो तो गए. काकी को बोलो."

शालीबंड्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ते दोन पावलं पुढे, मी मागे. काकू माजघरात गहू निवडत होत्या. गौस साहेबांना दारात पाहून त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मी उभ्यानेच सांगितलं. बसायला मला कोणी म्हणालं नाही, ते बरोबरच होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, मला हाकलतील, निदान शाप तरी देतील. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. गौस साहेबांना म्हणाल्या, "गौसभाई, तुम्ही तीनदा आलात ना, तेव्हा ते झोपलेले नव्हते. आतल्या खोलीत बसले होते. मी खोटं बोलले. तिसऱ्या वेळी तुम्ही गेल्यावर ते खिडकीशी गेले होते, तुम्ही गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत बघत होते."

गौस साहेब तिथंच, उंबऱ्यावर, बसले. म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. काकू उठल्या, त्यांना आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. त्या दोघांचं बोलणं सुरू झालं, तुमच्या शेवटच्या दिवसांचं, तुम्ही काय खात होतात, रात्री झोप लागायची का. मी दाराशी उभा होतो. तुमच्या घरात अठरा वर्षांत पहिल्यांदा मला परकं वाटलं, आणि ते माझंच केलेलं होतं.

जायला निघालो तेव्हा काकूंनी हाक मारली. 'अरे अंबादास' अशी नेहमीची नाही. नुसतं "ऐका" म्हणाल्या.

"परवा तेरावा. मुलं येतील, लेक-जावई येतील, दफ्तरातले जुने लोक येतील. त्यांना सगळ्यांना वाटतं, गौसभाईंनी यांना दगा दिला. माझ्या मुलांनीसुद्धा तेच ऐकलं आहे, माझ्याच तोंडून. मी आता ते पुसणार नाही. मी एकदा दाराशी खोटं बोललेय, तेवढं पुरे. हे तुम्ही बोला. सगळ्यांच्या समोर."

मी हो म्हणालो. अठरा वर्षांत काकूंनी मला 'तुम्ही' कधी म्हटलं नव्हतं.

आता संध्याकाळ आहे. बायकोलाही मघाशी सांगितलं. तिने मुलाला उचललं आणि शेजारी गेली. तुमचा मोठा मुलगा उद्याच्या गाडीने येतो आहे. त्याचा स्वभाव तुमच्यावर गेलेला नाही, तो भडकेल. भडकू दे. नोकरीवर येईल ते येवो. मला कसली भीती आहे ते सांगू? ऐन वेळी मी पुन्हा सौम्य शब्द शोधीन. 'गैरसमज झाला', 'चूक झाली', असलं काहीतरी. सौम्य शब्द मला तुम्ही भरपूर शिकवले आहेत, आणि तुमच्यासाठी एकही वापरला नाही. स्वतःसाठी वापरू नये म्हणून हे आजच लिहून ठेवतो आहे, जसं घडलं तसं.

तुमच्या जाण्याचं दुःख मला अजून नीट झालेलं नाही, तिरमलरावजी. शरम मध्ये उभी राहते. परवानंतर कदाचित होईल.

गल्लीच्या तोंडाशी गौस साहेबांनी मला गाठलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परसों मैं भी आतूं. तुम्हारे बाजू में बैठतूं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. चार पावलं गेले आणि परत वळले.

"और आवाज छोटी नक्को रखो," म्हणाले. "पीछे बैठे सो लोगां को भी सुनाई देना."